पिस्तुलाचा चाप आणि नेमबाजाचे बोट

नेमबाजी ही डोळ्याची कला आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. नजर तीक्ष्ण असावी, हात खंबीर असावा, म्हणजे नेम साधलाच, असे आपण सहज बोलून जातो. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा घरोघरी सांगितली जाते. झाडावरच्या पक्ष्याचा केवळ डोळाच अर्जुनाला दिसला आणि तो उत्तीर्ण झाला. परंतु बाण सुटण्याच्या क्षणी त्याच्या बोटांनी काय केले, हा प्रश्न त्या कथेत कोणी विचारीत नाही. आजच्या स्पर्धेतील पिस्तूलबाजाला मात्र तो प्रश्न दररोज स्वतःला विचारावा लागतो. कारण डोळ्याने कमावलेला नेम बोट एका क्षणात घालवू शकते, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप, म्हणजे ज्याला सर्वत्र ट्रिगर म्हणतात तो भाग, सुधारावा कसा, हा या विवेचनाचा विषय आहे. चाप सुधारणे म्हणजे तो हलका करणे, अशी नवख्या नेमबाजाची समजूत असते. ती अपुरी आहे आणि प्रसंगी धोक्याचीही आहे. चांगल्या चापाचे खरे लक्षण हलकेपणा हे नसून एकसारखेपणा हे आहे. हे नीट समजण्यासाठी प्रथम थोडे गणित आणि नंतर थोडे यंत्रशास्त्र पाहावे लागेल.

उदाहरणासाठी दहा मीटर एअर पिस्तुलाची स्पर्धा घेऊ. हे पिस्तूल एका हातात, हात सरळ पुढे धरून चालवावयाचे असते. त्याच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर. छर्रा वर्तुळाच्या कडेला नुसता शिवला तरी दहा गुण मिळतात. म्हणून लक्ष्याच्या केंद्रापासून छर्ऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे ८ मिलिमीटरांची चूक खपून जाते. आता पिस्तुलावरील नेमाची साधने पाहा. नळीच्या टोकाशी एक लहानशी उभी पट्टी असते, तिला माशी म्हणतात. मागच्या बाजूस मध्यभागी कापलेली एक चौकट असते. त्या चौकटीच्या मधोमध माशी दिसली म्हणजे नळीची दिशा बरोबर आहे असे समजावयाचे. या दोहोंतील अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर धरले, तर दहा मीटर हे त्याच्या एकतीस पटींहून थोडे अधिक भरते. याचा अर्थ असा की माशी आपल्या जागेवरून केवळ पाव मिलिमीटर ढळली, तर तिकडे लक्ष्यावर छर्रा आठ मिलिमीटर ढळतो आणि दहाचा नऊ होतो. पाव मिलिमीटर म्हणजे जाड पोस्टकार्डाच्या जाडीएवढे अंतर!

याउलट नळीची दिशा न बदलता सबंध हातच वर-खाली किंवा डावी-उजवीकडे आठ मिलिमीटर हलला, तर लक्ष्यावरचा छर्राही फक्त तेवढाच हलतो. हाताचा हा मंद झोका कितीही सराव केला तरी पूर्णपणे थांबत नाही, कारण श्वास चालू असतो आणि हृदयाचे ठोके पडतच असतात. परंतु तो तितकासा घातक नसतो. घातक असते ती मनगटातील सूक्ष्म पिळवट, आणि ती बहुतेक वेळा चापावरच्या बोटामुळे उत्पन्न होते. एअर पिस्तुलाचे वजन सुमारे एक किलोग्रॅम असते आणि नियमाप्रमाणे त्याचा चाप किमान ५०० ग्रॅम भाराचा असावा लागतो. म्हणजे जी वस्तू तसूभरही हलू द्यावयाची नाही, तिलाच तिच्या वजनाच्या निम्म्या जोराने, आणि तेही ती धरणाऱ्या हातानेच, ओढावयाचे! पिस्तूलबाजीची सारी अडचण या एका वाक्यात सामावलेली आहे.

आता चापाच्या पोटात काय चालते ते पाहू. पिस्तुलाचा घोडा ताणलेल्या स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावण्यास टपलेला असतो. एअर पिस्तुलात तो दाबलेल्या हवेच्या झडपेवर आघात करतो, तर काडतुसाच्या पिस्तुलात काडतूस पेटविणाऱ्या पिनेवर. त्याला रोखून धरणारा पोलादाचा एक लहान तुकडा असतो. कारागीर त्याला सिअर म्हणतात, आपण त्यास अटकण म्हणू. घोड्याच्या खाचेत अटकणीची धार अडकलेली असते. चाप ओढला की तरफेच्या योगाने ही धार खाचेतून हळूहळू सरकते आणि शेवटच्या केसाएवढ्या अंतरानंतर सुटते. धार सुटली की घोडा पडतो. चाप ओढताना बोटाला जे जे जाणवते, ते सारे या दोन पृष्ठभागांच्या घर्षणातून, त्यांच्या कोनांतून आणि दोन-तीन स्प्रिंगांच्या ताणातून आलेले असते.

स्पर्धेच्या पिस्तुलाची ओढ बहुधा दोन पल्ल्यांची असते. पहिल्या पल्ल्यात चाप थोडे अंतर सहज मागे येतो आणि मग बोटाला एक निश्चित अटकाव लागतो, जणू भिंतीला बोट टेकले. त्या ठिकाणी थोडासा अधिक दाब दिला की दुसरा पल्ला संपतो आणि छर्रा सुटतो. एकूण ५०० ग्रॅमपैकी ४०० ग्रॅमच्या आसपास भार पहिल्या पल्ल्यात आणि उरलेला शंभरेक ग्रॅम दुसऱ्यात, अशी वाटणी पुष्कळ नेमबाज पसंत करतात. तिचे कारण उघड आहे. मोठा भार नेम स्थिरावण्यापूर्वीच बोटावर घेतला जातो. ऐन निर्णायक क्षणी हातात नव्याने भर पडते ती अगदी थोडी. म्हणजे नियम पाळूनही त्याचा जाच कमी करण्याची ही युक्ती आहे.

बिघडलेल्या चापाचे दोष सामान्यतः चार प्रकारचे असतात. पहिला दोष रांगण्याचा. अटकाव लागल्यावरही चाप खरखरत, अडखळत, थोडा थोडा मागे येत राहतो आणि केव्हा सुटेल याचा भरवसा नसतो. दुसरा दोष मोकळ्या धावेचा. घोडा सुटल्यावर चाप एकदम सैल पडून मागे आदळतो, आणि छर्रा अजून नळीतच असताना नळीला धक्का बसतो. तिसरा दोष लहरीपणाचा. एका वेळी भार ५०० ग्रॅम, दुसऱ्या वेळी ५६०, तिसऱ्या वेळी ५२० असा बदलत राहतो. चौथा दोष जागेचा. चाप बोटाच्या मानाने फार जवळ किंवा फार दूर असल्यामुळे बोट सरळ मागे येण्याऐवजी तिरके ओढले जाते. नुसता जडपणा हा दोष या यादीत नाही, याकडे लक्ष द्यावे. एक किलोग्रॅमचा परंतु नितळ आणि विश्वासू चाप घेऊन उत्तम गुण मिळविता येतात. अर्ध्या किलोग्रॅमचा लहरी चाप घेऊन ते मिळत नाहीत.

भाराविषयी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम स्पष्ट आहेत. दहा मीटर एअर पिस्तुलासाठी किमान ५०० ग्रॅम आणि पंचवीस मीटरच्या पिस्तुलांसाठी किमान १००० ग्रॅम. पन्नास मीटरच्या पिस्तुलाला मात्र भाराची अट नव्हती. फुंकर घातली तरी सुटेल की काय असे वाटावे, इतके नाजूक चाप त्या प्रकारात वापरले जात. तो प्रकार ऑलिंपिकमध्ये अखेरचा २०१६ साली रिओ येथे झाला. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ याने त्यात २००८, २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके मिळविली. त्यानंतर ऑलिंपिकच्या पिस्तूलबाजाला भाराच्या अटीतून सुटका उरली नाही.

भार मोजण्याची रीत साधी आणि चोख आहे. पिस्तुलाची नळी उभी, आकाशाकडे धरावयाची. ठरलेले वजन चापाच्या मध्याजवळ अडकवून सपाट पृष्ठभागावर ठेवलेले असते. मग पिस्तूल हळूच वर उचलावयाचे. वजन जमिनीवरून सुटून अधांतरी झाले आणि घोडा पडला नाही, तर चाप नियमात बसला. अर्धा लिटर दुधाची पिशवी चापाला टांगून उचलावी, तसाच हा प्रकार. स्पर्धेनंतरही अशी तपासणी अकस्मात केली जाते आणि तीत चाप हलका ठरला तर खेळाडू बाद होतो. वर्षाची मेहनत पाच-दहा ग्रॅमांपायी वाया जाऊ नये म्हणून जाणते नेमबाज आपला चाप बरोबर ५०० वर न ठेवता दहा-वीस ग्रॅमांनी जड ठेवतात. धूळ, तेल आणि स्प्रिंगची झीज यांमुळे भार थोडा खाली-वर होतच असतो, त्याची ही तजवीज होय.

मग सुधारणेचा आरंभ कोठून करावा? सर्वांत आधी स्वच्छतेपासून. छर्ऱ्यांच्या शिशाची बारीक भुकटी, हवेतील धूळ आणि जुने, घट्ट झालेले तेल एकत्र येऊन चापाच्या सांध्यांत चिकट लेप तयार करतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यात दमट हवेची भर पडते. पुष्कळदा रांगणारा किंवा लहरी चाप म्हणून जो ओळखला जातो, तो केवळ मळलेला चाप असतो. निर्मात्याने दिलेल्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या जातीच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरविणे पुरेसे होते. तेल अधिक ओतल्याने अधिक गुण मिळत नाहीत. उलट धूळ अधिक बसते.

दुसरी पायरी जागेची. चापाचे पाते पुढे-मागे सरकविता येते आणि थोडे वळविताही येते. ते अशा ठिकाणी आणावे की तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग त्यावर सपाट टेकेल आणि बोटाचा उरलेला भाग मुठीच्या लाकडाला कोठेही घासणार नाही. बोट लाकडाला घासले की ओढ तिरकी झालीच म्हणून समजावे. यासाठी मूठही हाताला नीट बसलेली पाहिजे. दर वेळी हात मुठीवर वेगळ्या जागी पडत असेल, तर चाप कितीही उत्तम असला तरी बोटाला तो दर वेळी निराळाच भेटतो.

तिसरी पायरी स्क्रूंची. आधुनिक एअर पिस्तुलांत पहिल्या पल्ल्याची लांबी, त्याचा भार, दुसऱ्या पल्ल्याचा भार, अटकावाची जागा आणि घोडा सुटल्यानंतर चाप जेथे थांबावा ती जागा, या सर्वांसाठी वेगवेगळे स्क्रू असतात. येथे एकच पथ्य पाळावे, परंतु ते कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेरा, आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवावयाचा. तीन स्क्रू एकदम फिरविणारा नेमबाज तासाभराने मूळ जागी परत येऊ शकत नाही. शिवाय स्पर्धेच्या आठवड्यात चापाला हात लावू नये. बोटाला नव्या ओढीची ओळख पटण्यास दिवस लागतात. ती ओळख सामन्याच्या रेषेवर उभे राहून होत नाही.

या तीन पायऱ्या नेमबाज स्वतः चढू शकतो. चौथी मात्र त्याची नव्हे. अटकण आणि खाच यांचे पृष्ठभाग घासून नितळ करणे, त्यांचा कोन बदलणे, स्प्रिंगा कापणे, ही कामे तज्ज्ञ कारागिराची आहेत. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना यातील मर्म लगेच उमगेल. घोडीवर कानस किती फिरवावयाची हे कारागिराच्या कानाला आणि बोटाला ठाऊक असते. एक हात अधिक फिरला की तंबोरा बोलावयाचा थांबतो. अटकणीच्या बाबतीत तर फसलेला हात ध्यानातही लगेच येत नाही. या भागांच्या पोलादाला पुष्कळदा वरवरचाच कठीण थर दिलेला असतो आणि तो अतिशय पातळ असतो. कानशीने तो थर निघून गेला की चाप काही दिवस लोण्यासारखा मऊ चालतो. मग आतील नरम पोलाद झिजू लागते, धार गोल होते आणि अटकण घोड्याला धरून ठेवण्यास असमर्थ ठरते. असे पिस्तूल चापाला बोट न लावताही, नुसत्या धक्क्याने, एखाद्या दिवशी सुटते.

हा धोका काल्पनिक नाही. जेथे एकच पिस्तूल आळीपाळीने दहा मुले-मुली वापरतात, अशा लहान गावांतील केंद्रांत त्याचे गांभीर्य अधिक आहे. एकाने आपल्या सोयीसाठी हलका केलेला चाप दुसऱ्याच्या हातात त्याच्या नकळत जातो. काल ज्या दाबाला काही होत नव्हते, त्याच दाबाला आज छर्रा सुटतो. एअर पिस्तुलाचा छर्राही डोळा घालविण्यास पुरेसा आहे, मग काडतुसाच्या पिस्तुलाविषयी वेगळे सांगणे नको. १९५९ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाने बंदुकांची व पिस्तुलांची दुरुस्ती आणि त्यांतील फेरबदल परवान्याखेरीज करण्यास मनाई केली आहे, ती उगीच नव्हे. चापाची कोणतीही दुरुस्ती झाल्यानंतर पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी. ते ताणून मुठीवर हाताने हलके धक्के द्यावेत. घोडा जागचा हलला, तर ते पिस्तूल त्या क्षणापासून वापरातून काढावे. आणि हे पाहताना नळी सदैव लक्ष्याच्या दिशेनेच असावी.

यंत्र साथ सोडते तेव्हा काय होते, याचे एक सर्वांच्या स्मरणात असलेले उदाहरण आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर हिच्या पिस्तुलाची, ते ताणण्याची तरफ मोडली. दुरुस्तीत बहुमोल वेळ गेला आणि ५७५ गुणांवर, बाराव्या क्रमांकावर तिला थांबावे लागले. अंतिम फेरीत केवळ पहिल्या आठांना प्रवेश असतो. त्याच खेळाडूने २०२४ साली पॅरिस येथे याच प्रकारात कांस्यपदक पटकाविले आणि दोनच दिवसांनी सरबज्योत सिंग याच्या जोडीने मिश्र सांघिक कांस्यपदकही मिळविले. यंत्राचा बिघाड खेळाडूची योग्यता पुसून टाकीत नाही, हे खरे. परंतु तो त्या दिवसाचा निकाल मात्र पुसून टाकतो. म्हणून यंत्राची काळजी हा सरावाचाच भाग मानावयास हवा.

इतके झाल्यावर उरते ते बोट. चाप कितीही सुबक असला तरी ओढणारे बोट गोंधळलेले असेल तर सारे व्यर्थ. नवख्याची चूक ठरलेली असते. माशी मधोमध आलेली दिसते, ‘आता!’ असे मन म्हणते आणि बोट चापाला हिसका देते. डोळ्याने पाहिल्यापासून स्नायू हलेपर्यंत माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत तो सुंदर क्षण निघून गेलेला असतो. शिवाय तर्जनी हिसक्याने आवळली की शेजारची तीन बोटेही तिच्याबरोबर आवळली जातात, मूठ पिळते आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा बहुधा खाली डाव्या अंगाला जातो. लक्ष्याच्या त्या कोपऱ्यात छर्ऱ्यांची दाटी दिसली तर नेमाची साधने सरकविण्यापूर्वी बोटाची चौकशी करावी.

याला उपाय असा की क्षणाची वाट पाहूच नये. नेम लक्ष्याच्या खाली स्थिरावू लागला की पहिला पल्ला घेतलेला असावा आणि दाब मंदपणे, न थांबता वाढत जावा. छर्रा केव्हा सुटला हे नेमबाजालाही किंचित आश्चर्याने कळावे. हात थोडा हलत असेल तर हलू द्यावा. आपण वर पाहिलेच आहे की तो झोका फारसा बिघडवीत नाही, हिसका बिघडवितो. दाब वाढविता वाढविता काही सेकंद निघून गेले आणि नेम ढळू लागला, तर पिस्तूल खाली घ्यावे आणि पुन्हा प्रारंभ करावा. पिस्तूल खाली घेणे ही माघार नव्हे. तो चांगल्या नेमबाजाचा संयम आहे. आणि छर्रा सुटल्यावरही एक-दोन सेकंद बोट तसेच, नजर तशीच ठेवावी. घोडा पडल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात, आणि तेवढा वेळ नळी स्थिर राहिली पाहिजे.

हे शिकण्यासाठी छर्ऱ्याचीही गरज नसते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहावे आणि केवळ माशी व चौकट पाहत चाप ओढावा. समोर लक्ष्य नसल्यामुळे ‘आता’ म्हणण्याचा मोह उरत नाही. घोडा पडताना माशी जागची हलली की नाही, एवढेच पाहावयाचे. बहुतेक एअर पिस्तुलांत अशा कोऱ्या सरावाची सोय केलेली असते. छोट्या काडतुसांच्या काही पिस्तुलांत मात्र कोऱ्या आघाताने नळीच्या मागील कडेस इजा पोहोचते, म्हणून तेथे निर्मात्याची सूचना पाहावी. आज स्कॅटसारखी उपकरणे पडद्यावर नेमाची रेषा उमटवितात आणि हिसका डोळ्यांना दाखवितात. ती उपयुक्त आहेतच. पण ज्या केंद्राला ती परवडत नाहीत, तेथे पांढरी भिंत फुकट मिळते आणि ती खोटे बोलत नाही.

बोट शिकू शकते, याचा सर्वांत मोठा दाखला हंगेरीच्या कारोली टाकाच या सैनिकाने जगापुढे ठेवला आहे. तो उत्तम पिस्तूलबाज होता. १९३८ साली सरावात एक सदोष हातबॉम्ब उजव्या हातातच फुटला आणि तो हात त्याने गमावला. ज्या बोटाला वर्षानुवर्षे चापाची ओळख होती, तेच गेले. टाकाचने डाव्या हाताच्या बोटाला प्रारंभापासून ही विद्या शिकविली, आणि १९४८ साली लंडन येथे रॅपिड फायर पिस्तुलात ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्याने ते पुन्हा जिंकले.

त्याच रॅपिड फायर प्रकारात, पुन्हा लंडन येथेच, २०१२ साली भारताच्या विजय कुमार याने रौप्यपदक मिळविले. या प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत झाडावयाच्या असतात. मंदपणे दाब वाढविण्यास तेथे अवसर नाही. तेथे ओढीची लयच बोटात मुरलेली असावी लागते. विजय कुमार हा भारतीय सैन्यातील नेमबाज. त्याची ही लय जेथे घडली, ते सैन्याचे नेमबाजी केंद्र इंदूरच्या अगदी जवळ, महू येथे आहे. पंचवीस मीटर पिस्तुलात जिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, ती राही सरनोबत कोल्हापूरची. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. तिच्या पिस्तुलाच्या चापालाही किमान एक किलोग्रॅमची अट होतीच. आपल्या बेळगावकर वाचकांना कोल्हापूर किती जवळ, हे सांगावयास नको. ही विद्या परमुलखातली नाही, ती शेजारच्या गावात नांदते आहे.

म्हणून एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘हा चाप फार जड आहे, हलका करून द्या’ अशी तक्रार केली, तर जाणत्या शिक्षकाने कानस न शोधता क्रमाने चार गोष्टी पाहाव्यात. पिस्तूल स्वच्छ आहे काय? मूठ आणि चाप त्याच्या बोटाला बसले आहेत काय? भार दर वेळी सारखा भरतो काय? आणि पांढऱ्या भिंतीसमोर माशी स्थिर राहते काय? या चारांची उत्तरे होकारार्थी आल्यावर बहुधा ती तक्रारच उरत नाही. उरली, तर मग ते पिस्तूल तज्ज्ञ कारागिराकडे न्यावे. आणि परत आल्यावर, ते मुलाच्या हाती देण्यापूर्वी, वजन टांगून व धक्का देऊन पुन्हा तपासावे.